सराव मुलाखतीआधी उत्तरांची फाइल कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या अंतिम वर्षात नोकरीच्या मुलाखतीची तयारी म्हणून महाविद्यालयांमधून सराव मुलाखती घेतल्या जातात. आम्ही विद्यार्थी त्यांना सर्रास ‘मॉक’ म्हणतो. हा उपक्रम अत्यंत उपयुक्त आहे, आणि म्हणूनच त्याची तयारी ज्या पद्धतीने करून घेतली जाते तिच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. मुलाखतीच्या चार दिवस आधी आमच्या गटावर पन्नास प्रश्नांची आणि त्यांच्या नमुना उत्तरांची फाइल आली. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘तुमची उणीव कोणती’, ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता’, सगळ्यांची उत्तरे तयार. मी ती इमानेइतबारे पाठ केली.

पहिले दोन प्रश्न छान गेले. तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी समोरच्या बाईंनी माझ्या रेझ्युमेमधील एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “या सर्वेक्षण प्रकल्पात तुम्ही नेमके काय केलेत?” मी सांगू लागले की आम्ही प्रश्नावली तयार केली, आम्ही माहिती गोळा केली, आम्ही विश्लेषण केले. त्यांनी मला मध्येच थांबवले. “आम्ही म्हणजे चौघे. त्यातले तुमचे काम कोणते?” मला उत्तर देता आले नाही. वास्तविक त्या प्रकल्पातले सर्वांत किचकट काम मीच केले होते. भरून आलेल्या अर्जांमध्ये वयाच्या रकान्यात कोणी वय लिहिले होते, कोणी जन्मसाल, तर कोणी अक्षरी आकडा, आणि ते सगळे एकसारखे करण्यासाठी मी दोन रात्री जागले होते. परंतु फाइलमधल्या उत्तरात ‘संघभावना’ हा शब्द होता, वयाचा रकाना नव्हता. त्यामुळे मला तो सुचलाच नाही.

तयार उत्तरे वाटणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. मुले गडबडू नयेत, एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु वाचून पाठ झाल्यासारखे वाटणे आणि वेळेवर आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. फाइल डोळ्यांखालून घालत राहिले की आपली तयारी झाली असे वाटते, आणि तेच वाटणे दगा देते.

दुसरे असे की, मुलाखतीत आता ‘तुम्ही काय कराल’ याइतकेच किंवा त्याहून अधिक ‘तुम्ही काय केलेत’ हे विचारले जाते. ‘गटात मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांगा’ या प्रकारच्या प्रश्नांची पद्धत गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकापासून रूढ होत गेली. सर्व उमेदवारांना ठरलेले, कामाशी संबंधित प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत ही अघळपघळ गप्पांपेक्षा निवडीसाठी अधिक भरवशाची असते, असे 1998 मधील श्मिट आणि हंटर यांच्या बहुचर्चित आढाव्यातही दिसले होते आणि 2022 मध्ये सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आकड्यांची फेरतपासणी केली तेव्हाही दिसले. अशा प्रश्नाला दुसऱ्याने लिहिलेले उत्तर चालत नाही, कारण पुढचा प्रश्न त्या प्रसंगाच्या आत शिरणारा असतो. परिस्थिती काय होती, आपल्यावर कोणती जबाबदारी होती, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हा ‘स्टार’ नावाने ओळखला जाणारा क्रम उपयोगी आहे. मात्र त्यात घालायचा प्रसंग स्वतःचाच हवा.

दुसऱ्या सराव मुलाखतीच्या आधी मी फाइल उघडली नाही. ज्या पदासाठी अर्ज करायचा होता त्याची जाहिरात समोर घेतली आणि तिच्यातील प्रत्येक अपेक्षेसमोर माझ्या हातून घडलेला एकेक प्रसंग दोन-तीन शब्दांत लिहिला. दोन अपेक्षांसमोर लिहिण्यासारखे काहीच सापडले नाही. तेही आधीच कळले हे बरे झाले. मग कागद बाजूला ठेवून मोठ्याने बोलले आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. प्रकल्पाचे उत्तर चार मिनिटे चालले होते, आणि माझे स्वतःचे काम त्यात तिसऱ्या मिनिटाला येत होते! ते दीड मिनिटावर आणायला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटी माझ्या विषयाशी काहीही संबंध नसलेल्या, मैत्रिणीच्या थोरल्या बहिणीला मी प्रश्न विचारायला बसवले. “माहिती साफ केली म्हणजे गं काय केलंस?” असे तिने विचारल्यावर मला वयाच्या रकान्याची गोष्ट सांगावीच लागली. पोशाख, वेळेवर पोहोचणे, रेझ्युमेच्या प्रती या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, परंतु त्यांना एक संध्याकाळ पुरते.

घाबरण्याविषयीही थोडे लिहिते, कारण माझ्या वर्गातील कितीतरी जण केवळ त्यामुळे सराव मुलाखत टाळतात. आपली धडधड समोरच्याला जितकी दिसते असे आपल्याला वाटते, तितकी ती दिसत नसते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या 2003 मधील अभ्यासात, भाषणापूर्वी ज्यांना ही गोष्ट समजावून सांगितली होती त्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस झाली. सराव मुलाखतीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एवढे सांगायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

पहिल्या सराव मुलाखतीनंतर मला मिळालेल्या अभिप्रायाच्या कागदावर ‘आत्मविश्वास वाढवा’ एवढेच दोन शब्द होते. तो कसा वाढवायचा, हे कोणत्याही विद्यार्थ्याला त्यावरून कळणार नाही. दुसऱ्या वेळी लिहून मिळाले ते असे: ‘प्रकल्पाचे उत्तर नेमके. पगाराच्या प्रश्नाला आवाज खाली गेला. आकडा आधी ठरवून या.’ यावर काम करता येते, आणि मी ते करते आहे.

म्हणून आपल्या पत्राद्वारे महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे की विद्यार्थ्यांना उत्तरे देऊ नयेत, एखाद्या पदाची खरीखुरी जाहिरात द्यावी. प्रश्न विचारायला शक्यतो अनोळखी व्यक्ती बोलवावी, कारण रोजच्या शिक्षकांना आमची अर्धी माहिती आधीच असते आणि ती सांगण्याचा सराव राहून जातो. दहा मिनिटांच्या मुलाखतीनंतर निदान तेवढाच वेळ अभिप्रायाला द्यावा आणि काही दिवसांनी दुसरी संधी ठेवावी. पहिल्या वेळी चुकलेले सुधारले की नाही, हे त्याशिवाय समजत नाही. पुढील महिन्यात आमच्या मागील वर्गाच्या सराव मुलाखती आहेत आणि तीच पन्नास प्रश्नांची फाइल त्यांच्या गटावर कालच येऊन पोहोचली आहे. ती मागे घ्यायला अजून वेळ आहे.

आपली विश्वासू,
अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी