अॅनिमल हाऊसवाले काका, तुमचा रुमाल माझ्याकडे राहिलाय

काका, नमस्कार.

तुमच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये. तुमच्या नातीला पाठवतेय. बेटा, सावकाश वाच, आणि आजोबा मधेच "राहू दे, काय त्यात एवढं" म्हणून उठायला लागले तर धरून बसव.

मे महिन्यात तुम्ही गिनी पिगचं भांडण मिटवायला आमच्याकडे आलात, आता नोव्हेंबर उजाडला. इतके दिवस लिहीन लिहीन म्हणत राहिले आणि लिहायला बसले की आधी रागच यायचा, तुमच्यावर नाही हो, तुमच्या आधी जे जे भेटले त्यांच्यावर. तर तो राग आधी काढून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

मार्चमध्ये पोराच्या वाढदिवसाला आम्ही दोन गिनी पिग आणले. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं, नर-मादीची जोडी आहे, भांडणार नाहीत. पोराने नावं ठेवली राजा आणि राणी. सोबत पोपटाचा असावा तसा पिंजरा दिला, दोन फूट बाय दीड फूट, खाली पण तारेचीच जाळी, आणि खायला काय तर बाजरी आणि गहू. आम्ही शहाण्यासारखी मान डोलावली. आमच्या सासूबाईंना तर ते उंदीरच वाटायचे, त्या अजूनही त्यांना "बिनशेपटीचे" म्हणतात.

मे उजाडेपर्यंत राणीचे रंग दिसायला लागले. राणी राजाच्या मागे कंबर हलवत फिरायची, पोटातून मिक्सर चालू झाल्यासारखी घरघर करायची, मग राजा पण तेच करायचा, मग दात कटकटवणं, अंगावर चढणं. आम्हाला वाटलं संसार सुरू झाला. आणि एका दुपारी, भुसावळात पारा पंचेचाळीसच्या वर, लाईट गेलेली, कूलर बंद, पिंजऱ्यातून अशी किंकाळी आली की मी पोळपाट टाकून पळाले. दोघांचा एक गोळा झालेला आणि पोराने मधे हात घातलेला. राजाच्या कानाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा गेला, पोराच्या बोटातून रक्त, तारेवर रक्त. आमच्या ह्यांनी दोघांना दोन क्रेटमध्ये टाकलं आणि पोराला दम दिला, आजपासून हात लावायचा नाही.

मग सुरू झाली सल्ल्यांची वरात. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही, एक सोडून द्या शेतात. अहो शेतात कुठे सोडता, ते काय ससे आहेत का पळायला. जनावरांच्या एका डॉक्टरांनी फोनवरच हसून विचारलं, उंदराला काय इलाज करू. एकाने सांगितलं दोघांना एकत्र आंघोळ घाला, एकाने सांगितलं दोघांच्या नाकाला व्हिक्स लावा म्हणजे वास येणार नाही. नणंदेचं म्हणणं एकच ठेवा, कटकट नको. त्यावर पोराने मोबाईलवर शोधून तिला वाचून दाखवलं की स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून गिनी पिग एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे, कळपातलं जनावर आहे ते. नणंद म्हणाली, मग पाठव त्यांना स्वित्झर्लंडला. बोटाचं पोराचं इंजेक्शन वगैरे झालं, पण कानाला मेडिकलवाल्याने लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप दिलं, म्हणे दोन थेंब पाजा.

ते सिरप मी चमच्यात ओतलेलंच होतं काका, खोटं नाही सांगत, जेव्हा माझ्या मामेभावाने तुमचा नंबर दिला. तो फार्मसीला होता ना, तिथल्या अॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांचे प्राणी ठेवतात तिथे, तुम्ही शिपाई. तो म्हणाला, आमचे प्रोफेसर पण जनावराचं काही झालं की आधी त्या काकांना विचारायचे. मी फोन लावला, तुम्ही काय हॅलो बिलो केलं नाही, एवढंच विचारलं, "औषध काय पाजलं?" मी बाटलीवरचं नाव वाचलं, अमॉक्सिसिलिन. तुम्ही म्हणालात, "चमचा खाली ठेव पोरी. ते यांना पोटातून नाही द्यायचं, आतड्यातले चांगले जंतू मरता अन जनावर जातं." पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं गिनी पिगला तोंडाने दिली तर जीव जाऊ शकतो, हे मला एका निवृत्त शिपायाने फोनवर सांगितलं. शिकलेल्या चार लोकांपैकी एकाने पण सांगितलं नव्हतं. कान मिठाच्या पाण्याने पुसायचा, माशी बसू द्यायची नाही आणि दोन्ही क्रेट शेजारी शेजारी लावायचे, एकमेकांचा वास येत राहू दे, मी येतो. येतो म्हणजे मला वाटलं बघू, लोकं म्हणतात.

नवव्या दिवशी सकाळी तुम्ही दारात. यष्टीने, फैजपूरकडून, उन्हातान्हात, आणि हातात ओल्या रुमालात बांधलेल्या दूर्वा. मी रुमालाला हात लावला तर अजून गार होता. तुम्ही म्हणालात, सावदा स्टँडवर परत भिजवला, नाहीतर सुकल्या असत्या, सुकलेलं हे लोक खातात पण भांडण मिटवायला ताजंच लागतं. हा तो रुमाल, निळ्या चौकटीचा.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते हे.

तुम्ही पाणी प्यायलात आणि विचारलंत, "मालक कोण?" मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, "घराचा नाही, यांचा मालक." तेव्हा पडद्यामागे उभा असलेला माझा पोरगा पुढे आला. बोटाला पट्टी, मान खाली. त्या नऊ दिवसांत तो नीट जेवला नव्हता काका, रात्री उठून क्रेटजवळ बसायचा आणि आमची चाहूल लागली की पळायचा. त्याला वाटत होतं आपल्यामुळे झालं. आम्ही पण, खरं सांगते, त्याला तसंच वाटू दिलं होतं. तुम्ही त्याला तुमचा अंगठा दाखवलात, त्यावरचा तो पांढरा वण. म्हणालात, "हे बघ, सगळी नोकरी जनावरात गेली माझी, तरी एकदा हात घातलाच मी मधात. तुलेच चावला असं नाही." आणि मग टॉवेल घडी करून त्याच्या हातात दिलात. "हा तू धर. मी सांगेन तेव्हा दोघांवर टाकायचा, हात नाही घालायचा. माझे गुडघे गेले रे भो, मले वेळेवर उठता नाही येणार."

पोराने तो टॉवेल असा धरला होता जशी कुणी आरतीची तबक धरावी.

अडीच तीन तास तुम्ही दोघं सासूबाईंच्या खोलीत फरशीवर बसलात. तीच खोली का, तर राजा-राणीने ती कधी पाहिलेली नव्हती, कुणाचीच हद्द नाही. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग स्वतःच पलंगावर बसून बघायला लागल्या. मधे दूर्वांचा ढीग. तुम्ही उलटीपालटी करून बघितलंत आणि सांगितलंत, राणी नाही, राणा आहे. सासूबाई अशा हसल्या की त्यांचा पदर पडला. पुन्हा घरघर, पुन्हा कंबर हलवणं, मी घाबरून उठले की तुम्ही नुसता हात आडवा करायचे. "ताई, हे भांडू नाही राह्यले, ठरवू राह्यले. ठरू द्या." एकदा राणाने मोठी जांभई दिली, मी म्हटलं बरं झालं झोप आली, तुम्ही म्हणालात, जांभई नाही ती, दात दाखवतोय. मग दोघं नाकाला नाक लावून मान वर वर करायला लागले, अंगावरचे केस उभे, राणाने झेप घेतली आणि तुम्ही हळूच म्हणालात, "टाक." पोराने टाकला. एकदम बरोबर पडला. दोघं टॉवेलखाली गोंधळून थांबले, बाहेर आले आणि जसं काही झालंच नाही असं दूर्वा खायला लागले, एकाच काडीची दोन टोकं दोघांच्या तोंडात. तुम्ही पोराच्या पाठीवर थाप मारलीत. त्या रात्री पोरगा तीन भाकरी जेवला.

आणि काका, तुम्ही निघालात ना, तेव्हा मी बघत होते. तुम्ही फरशीवरून उठलात ते भिंतीला हातसुद्धा न लावता उठलात. तीन तास मांडी घालून. आणि स्टँडच्या दिशेने असे झपझप गेलात की ह्यांना गाडी काढून सोडायला यायचं होतं ते चौकात पोचेपर्यंत तुम्ही दिसेनासे झालात. गुडघे म्हणे गेले. पोराला मी हे अजून सांगितलं नाहीये, आणि बेटा, तू वाचत असशील तर तू पण कधी आलीस तर सांगू नकोस.

पैसे दिले तर घेतले नाहीत, भाड्याचे पण नाहीत. हल्ली लोकं "गुगल पे चालेल ना" विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि तुम्ही एका उंदरासारख्या जनावरासाठी (सासूबाईंचा शब्द) दोन बस बदलून येता. कोण कुठले आम्ही. माणसाची हुशारी काय, ती मिळते हो कुठेही, पण समोरच्याला लहान न करता मदत करणं, ते मी फार कमी जणांत पाहिलंय, नातेवाईक धरून.

आता खुशाली. तुम्ही सांगितलेलं घर केलं, सहा फूट बाय दोन. आधी विश्वास बसेना की एवढ्याशा जिवांना बारा स्क्वेअर फूट कशाला, तुम्ही म्हणाला होतात दोन भावांना एका खोलीत कोंडा आणि मग बघा. खाली घालायला सनपॅक शीट, ते बोर्डाचं प्लॅस्टिक, कुठून आणायचं तर ह्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक जुना बोर्ड आणला, त्यामुळे दोघं सध्या एका भावी नगरसेवकाच्या चेहऱ्यावर राहतात, वर जुन्या चादरी अंथरल्यात म्हणा. पाण्याच्या बाटल्या दोन, वाट्या दोन, केळीच्या खोक्याची घरं दोन आणि प्रत्येक घराला दारं दोन, एक दार असलं की आत असलेला कोंडीत सापडतो हे तुमचं वाक्य पोराने शाळेतल्या वहीत लिहून ठेवलंय. गहू-बाजरी बंद. गवत दिवसभर, सोबत कोथिंबीर, ढोबळी मिरची, पेरूची फोड, कारण माणसासारखंच यांच्या अंगात पण क जीवनसत्त्व तयार होत नाही ना. उन्हाळ्याचा मुक्काम सासूबाईंच्या खोलीत कूलरसमोर असतो, आणि ही परवानगी त्यांनी स्वतः दिली.

भांडतात अजून. तुम्ही म्हणाला होतात वर्ष सव्वा वर्षाचे होईपर्यंत यांची अकरावी-बारावी चालू राहणार. घरघर होते, पाठलाग होतो, पण रक्त नाही आलं एकदा पण. परवा नणंद म्हणाली माझ्याकडे एक मादी मिळतेय, आणू का. पोरगा एवढ्या जोरात नाही म्हणाला की ती दचकली. "दोन नर शांत असता, मादीचा नुसता वास आला की सगळं मोडतं," हे पण तुमचंच.

राजाचा कान तेवढा फाटका राहिला. राणा रोज संध्याकाळी तोच कान चाटतो, फाटका असलेलाच. मी फोटो पाठवतेय नातीच्या मोबाईलवर.

रुमाल धुवून इस्त्री करून ठेवलाय. कुरिअर करणार नाही. बामणोदची वांगी बाजारात आलीत, तर एक रविवार काढून या, भरीत आणि कळण्याची भाकरी करते, आणि रुमाल घेऊन जा. येताना दूर्वा मात्र आणा, आमच्या इथल्या त्यांना आवडत नाहीत.

तुमची,
भुसावळची ताई