माइसेनच्या चिनी मातीचं श्रेय एकट्या बॉटगरला कशाला?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला चिनी मातीच्या भांड्यांवरचा लेख वाचला, फोटो मस्तच होते, पण युरोपातलं पहिलं अस्सल पोर्सिलेन (म्हणजे खरी चिनी माती) बॉटगर नावाच्या किमयागाराला सोनं करता करता सापडलं एवढ्यावरच गोष्ट संपवलीय आणि सगळीकडे ती अशीच सांगतात, म्हणून हे पत्र.

बॉटगर १७०१ मध्ये प्रशियातून पळाला आणि शेजारच्या सॅक्सनी या जर्मन राज्याच्या ऑगस्टस राजाने सोन्याच्या हावेपायी त्याला डांबून ठेवलं हे खरंय. पण त्याला मातीच्या कामाला लावलं ते चिर्नहाउस या गणितज्ञाने, जो आधीपासूनच भलीमोठी भिंगं आणि आरसे घेऊन उन्हाच्या तापाने दगडमाती वितळवून बघायचा. हे काम किती महत्त्वाचं ते फुटक्या कपावर कळतं. जिथे तुटलंय तिथली कड जिभेला लावा, कच्च्या भाजणीच्या मातीची जिभेला चिकटते, पोर्सिलेनची नाही, कारण जवळपास १३०० अंशाला ती माती आतून काचेसारखी होऊन जाते. म्हणजे खरी मेख होती ती आचेत आणि कुठली माती कशात मिसळायची यात, आणि चिर्नहाउस नेमकं तेच तर करत होता!

तो ऑक्टोबर १७०८ मध्ये गेला, मार्च १७०९ मध्ये बॉटगरने राजाला कळवलं की पांढरं पोर्सिलेन जमलं, १७१० मध्ये सॅक्सनीतल्याच माइसेन गावच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला आणि नाव राहिलं बॉटगरचं. बॉटगरचे कष्ट मला अजिबात कमी लेखायचे नाहीत, बिचारा कारखाना उभा करून १७१९ मध्ये ३७व्या वर्षी गेला. पण जोडीदाराचं नावच गाळायचं हे पटत नाही.

आणि शोध तरी कसला म्हणायचा, चीनमधले जिंगदेजेनचे कारागीर काओलिन नावाची पांढरी माती वापरून हेच कित्येक शतकं करत होते, त्या भांड्यांचं वेड तर एवढं की याच ऑगस्टसने १७१७ मध्ये प्रशियाला ६०० सैनिक देऊन १५१ नग घेतले. त्या कारागिरांचाही लेखात उल्लेख नाही.

पुढच्या रविवारी निदान चार ओळींचा खुलासा छापाच, आणि जमलं तर चिर्नहाउसवर एक वेगळा लेख द्या, शाळेतली पोरंही वाचतील.

– एक नियमित वाचक, सांगली