काचबिंदूच्या रुग्णाची भावंडेही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात मोतीबिंदूची शिबिरे सतत भरतात आणि गोरगरिबांना त्यांचा मोठा आधार आहे. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही. असे असूनही काचबिंदूचा रुग्ण सापडला की फक्त त्याच्यावर उपचार सुरू होतात, त्याच्या पाठच्या भावंडांना कोणी बोलावून घेत नाही. हे पत्र त्यासाठीच.

माझ्या थोरल्या भावाचे आयुष्य पूर्व भागात यंत्रमागावर गेले. एकाच वेळी दोन माग सांभाळायचा. पुढे पुढे डाव्या बाजूच्या मागावर धागा तुटला तरी त्याला दिसेना. कापडात दोष यायला लागले, मालकाची बोलणी बसायला लागली. पेपर मात्र तो घडाघडा वाचायचा, मग डोळ्यांची शंका कोणाला येणार? काचबिंदूत बहुधा आधी कडेची नजर जाते आणि समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते. दुखत नाही, खुपत नाही. निदान झाले तेव्हा एका डोळ्याची नस, म्हणजे दिसलेले मेंदूपर्यंत नेणारी नस, जवळपास सुकली होती. त्या दवाखान्यात त्याला औषध मिळाले, पण 'भावंडे किती?' एवढे कोणी विचारले नाही. तो प्रश्न पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारला, म्हणून आमच्या बहिणीची तपासणी झाली. तिच्या डोळ्यांच्या आतला दाब वाढलेला निघाला, ज्याने ही नस खराब होऊ शकते, पण नजर शाबूत होती. आज ती रोज रात्री न चुकता थेंब घालते आणि विड्या वळते.

हा योगायोग नव्हे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात झालेला एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता सुमारे 22 टक्के निघाली, तर ज्यांच्या घरात हा आजार नव्हता त्यांना 2.3 टक्के. म्हणजे नऊपटीहून जास्त. त्यातही भावंडांना धोका अधिक, कारण त्यांचे वय रुग्णाच्या आसपासचे असते. मुलांचा धोका वयाबरोबर वाढत जातो.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे ही तपासणी नव्हे. डोळ्याचा दाब मोजावा लागतो, बाहुली मोठी करून मागची नस पाहावी लागते, गरज वाटल्यास कडेच्या नजरेचा आलेख काढावा लागतो. एकटा दाब पाहून भागत नाही, कारण दाब नेहमीच्या मर्यादेत, म्हणजे पाऱ्याच्या 21 मिलिमीटरच्या आत, असूनही नस खराब झालेले रुग्ण असतात. आणि घरात काचबिंदू असेल तर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब मुळीच आणू नयेत, अशा लोकांचा दाब त्याने वाढण्याचा धोका जास्त.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. मामाची मुलगी करण्याची रीत इकडे अनेक घरांत आहे. जन्मजात काचबिंदू वेगळा, पण तो बऱ्याचदा आई-वडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो, आणि नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. असे एक मूल झाले तर पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक इतका धोका राहतो. बाळाचे डोळे टपोरे आहेत म्हणून कौतुक होते, पण त्याच डोळ्यांतून सारखे पाणी येत असेल, बाळ उजेडात डोळे मिटून घेत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

सिव्हिल हॉस्पिटल, महापालिकेचे दवाखाने आणि खासगी डॉक्टर या सर्वांना कळकळीची विनंती आहे. काचबिंदूच्या केसपेपरवर भावंडांची आणि मुलांची नोंद करा, ती तपासली का हे पुढच्या खेपेला विचारा. रुग्णाच्या हाती घरच्यांसाठी एक चिठ्ठी द्या, मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही. मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह असतो. त्या आठवड्यात यंत्रमाग कारखान्यांत आणि बायका विड्या जमा करायला येतात तिथे, ज्यांच्या घरात काचबिंदूचा रुग्ण आहे अशांची तपासणी आधी करावी.

आपला,
एक वाचक, सोलापूर