ओव्हनचं कर्ज आणि तुझी नोकरी

डिचोली, गोवा
रविवार

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, केकच्या धंद्यासाठी कर्ज काढून मोठा ओव्हन घेऊ का? आणि घेतला तर नोकरी सोडू का?" मी "बघू" म्हटलं आणि विषय पावसावर नेला. पैशाचं फोनवर बोलायची मला सवय नाही, आणि तुझी आई बाजूला उभी राहून हातांनी खुणा करत होती. तिच्या खुणांचा अर्थ "हो म्हणा" होता की "नको म्हणा" हे मला अजून कळलेलं नाही. जन्मभर सोसायटीचे हिशेब लिहिण्यात गेला, तेव्हा जे सांगायचं ते कागदावर सांगतो.

कर्ज आत्ता काढू नकोस. वेर्ण्याच्या औषध कारखान्यातली नोकरी चांगली आहे, पगार वेळेवर होतो, हे तर आहेच. पण माझं कारण दुसरंच आहे. तुझे दर चुकलेत.

वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस ते मी चष्मा पुसून वाचले. अर्धा किलोचा चॉकलेट केक: मैदा, साखर, कोको, लोणी, क्रीम, अंडी, खोका, खालचा पुठ्ठा, सगळं मिळून 350 रुपये. घेतेस 550. शेवटी "नफा 200" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यास. आता वीज बघ. 2000 वॉटचा ओव्हन, आधी तापवायचा वेळ धरून तासभर चालला तर दोन युनिटपर्यंत जातात. ती रक्कम किरकोळ आहे, सोडून देऊ. पण तुझे तास कुठे लिहिलेत? बाजारहाट, घोळणं, भाजणं, थंड होईपर्यंत थांबणं, क्रीम लावणं, भांडी, आणि मग गिऱ्हाईक "पाच मिनिटांत येतो" सांगून येईपर्यंतची वाट. साडेतीन तास तरी धर. 200 ला साडेतीनने भाग. तासाला 57 रुपये पडतात. त्यात तो मडगावच्या मार्केटातून कोको आणायला केलेला रिक्षाचा खर्च नाही.

शिवाय काही नावांपुढे रक्कमच नाही. आत्येच्या नातवाचा वाढदिवस, तुझ्या मैत्रिणीचं बारसं, ऑफिसातल्या कोणाचा निरोप. तिथे तू हसरा चेहरा काढला आहेस. हिशेबाच्या वहीत हसरा चेहरा जमेत धरायचा की नावे टाकायचा, ते कळव. आज काय होतंय, की महिन्याच्या पगारातला एक भाग लोकांच्या वाढदिवसांना जातो आहे आणि आपण धंदा करतो असं तुला वाटतंय. याच दरांवर मोठा ओव्हन घेतलास, तर आजचा तोटा मोठा होईल आणि वर बँकेचा हप्ता लागेल.

तू म्हणशील, बाबांना फक्त आकडे दिसतात. तसं नाही गं. दिवसा कचेरी आणि रात्री नाटकाची तालीम यात माझी उमेदीची वर्षं गेली, हे तू लहानपणी बघितलं आहेस. आपल्या गोव्यात हे नवीन नाही. जत्रा जवळ आली की देवळाच्या मंडपात मास्तर, कारकून, बसचा कंडक्टर, सगळे रात्री जेवून जमायचे. बाराला घरी आणि सकाळी पुन्हा मस्टरवर सही. राजाचा पार्ट केलेला माणूस दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या खिडकीत दाखले देत बसलेला मी बघितलाय, कानामागे रंग तसाच. पण एक होतं. नाटकाला तिकीट नव्हतं. आमचा प्रवेश पडला तर लोक हसायचे, चहाच्या गाड्यावर वर्षभर चिडवायचे, पण "पैसे परत द्या" म्हणायला कोणी येत नव्हतं. तू पैसे घ्यायला लागलीस तेव्हापासून तुझा रविवार तुझा राहिला नाही. तेव्हा जे विकायचं त्याचे पुरते पैसे घे, आणि जे हौसेने करायचं ते कोणालाही विकू नकोस. तुझी ती आंबट पिठाची भाकरीएवढी जाड पावाची लादी विकू नकोस. ती बिघडली तरी आपण खाऊ. आईने गेल्या वेळची तुपावर परतून खाल्ली, कबूल करत नाही.

बेबिंकाचं, आपल्या त्या थरांच्या गोड पदार्थाचं, मात्र मला वाईट वाटलं. त्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तू तो साध्या केकच्या भावाने दिलास. नारळाचा रस काढायचा, अंड्यांचा फक्त बलक घ्यायचा, एक थर ओतला की वरून आच देऊन तो लाल होईपर्यंत थांबायचं, मग तूप, मग दुसरा थर. सात थर म्हणजे अर्धा दिवस ओव्हनसमोरून हलता येत नाही. नोकरीवाल्या मुलीने हा पदार्थ घ्यायचाच तर नाताळात, मोजका, आणि भाव सांगताना घसा न खाकरता.

त्यापेक्षा तुझ्या वेळापत्रकात बसतील असे पदार्थ निवड. बाथ बघ, आपला रव्याचा केक. रवा आणि खोबरं कालवून रात्रभर ठेवलं की रवा चांगला फुगतो. म्हणजे तू झोपलीस तरी काम चालू. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर भाजायची. क्रीम नाही, फ्रीजची घाई नाही, कदंबाच्या बसमध्ये मांडीवर घेऊन आलं तरी काही होत नाही. तो गुलाबी क्रीमचा केक घेऊन तू मे महिन्यात मडगावहून पणजी आणि पणजीहून डिचोली आलीस, तेव्हा खोका उघडल्यावर एका बाजूचे गुलाब दुसऱ्या बाजूला जाऊन बसले होते. त्यात तुझा दोष काय! लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं, आणि बसमध्ये खिडकीशी त्याहून जास्त असणार. पावसात वेगळीच तऱ्हा, हवेत इतका ओलावा की साखरेच्या त्या लाटलेल्या आवरणाला घाम फुटतो. आपल्या हवेत टिकणारे पदार्थ आपल्याकडच्या जुन्या बायकांनी आधीच शोधून ठेवलेत.

पावाचंही तसंच. तूच मला समजावलं होतंस, की पीठ संध्याकाळी मळून फ्रीजमध्ये ठेवलं तर यीस्ट मंदावतं, पण मरत नाही. रात्रभर सावकाश फुगतं आणि चवही चढते. मग हे तू स्वतः का करत नाहीस? मध्यरात्री दोनला पीठ फुगलं का बघायला उठतेस, असं तुझी खोलीतली मैत्रीण आईला सांगत होती. आपल्या वाड्यावर पहाटे भोंगा वाजवत येतो तो पदेरही (पाववाला) रात्रभर जागतो, पण उजाडल्यावर पाव वाटून झाले की तो निजतो, आणि घरची चार माणसं हाताखाली असतात. तू रात्र पदेराची करतेस आणि सात वाजता कंपनीच्या बसमध्ये चढतेस. औषधांच्या तपासणीत बसणाऱ्या माणसाला झोप अपुरी चालत नाही. तुझ्या सहीवर लोक गोळी गिळतात.

तुझ्या कामावरून आठवलं. कारखान्यात तू प्रत्येक बॅचचा नंबर, तारीख, वजन दशांश चिन्हापर्यंत लिहितेस. घरी मात्र "थोडं दूध, अंदाजे". कारखान्याची ती शिस्त घरी आण. कोणत्या दिवशीच्या केकला कोणतं लोणी, ओव्हन किती अंशांवर, किती मिनिटं, सगळं लिही. दोन केक वेगळे का झाले, ते मग देवाला विचारावं लागणार नाही. खोक्यावर घटक लिही. काजू, दूध, अंडी, मैदा ठळक. कोणाला काय बाधतं सांगता येत नाही. अंडं घातलेल्यावर तपकिरी त्रिकोणाची खूण, बिनअंड्याच्यावर हिरवा गोल. आपल्याकडे सोमवारी आणि श्रावणात शिवराक, म्हणजे शाकाहार, पाळणारी घरं किती आहेत हे तुला सांगायला नको, त्यांच्यासाठी तुझा दही-सोड्याचा केक उत्तम आहे. आंबट दह्याने सोडा उसळतो आणि अंड्याची उणीव बरीच भरून निघते. फक्त त्या दिवशी भांडी वेगळी ठेव, आणि ठेवतेस हे गिऱ्हाइकाला सांग. (तुझी पणजी पाव घरात घेत नव्हती. तिच्या पणतीकडे लोक श्रावणात केक मागतात.)

अन्नसुरक्षेची नोंदणी अजून केलेली नाहीस ना? घरून विकलं तरी ती लागते, चौदा आकडी नंबर मिळतो, तो खोक्यावर छापायचा. हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नकोस. आणि नेमणूकपत्र काढून वाच. सरकारी नोकराला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही हे आम्हाला पाठ होतं. खासगी कंपन्याही बऱ्याचदा पत्रात तसं कलम घालतात. कलम असलं तर साहेबाला तोंडी न विचारता लेखी विचार आणि उत्तरही लेखी घे. साहेबाने तुझा केक आवडीने खाल्ला, ही काही परवानगी होत नाही.

आता ओव्हन. विजेच्या मोठ्या डेक ओव्हनना (बेकरीतल्या कप्प्यांच्या ओव्हनना) बऱ्याचदा थ्री फेज कनेक्शन लागतं. तू भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहेस. घरमालक तसं करू देईल का? भाडेकरार अकरा महिन्यांचा, कर्ज त्याहून कितीतरी लांब. गॅसवरचा घेतलास तर घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचा व्यापारी घ्यावा लागेल, तो ठेवायला जागा बघावी लागेल. दुकानदार हे काही सांगत नाही, तो फक्त ट्रे किती बसतात ते सांगतो. आणि खरं सांग, तुझा आजचा ओव्हन किती वेळा भरून निघतो? शनिवारी निघत असेल. मंगळवारी त्यात तवे ठेवलेले असतात, मी बघितले आहेत.

माझं म्हणणं असं. या गणेश चवथीपासून पुढच्या चवथीपर्यंत आहे तोच ओव्हन. दर बदल, आज लगेच. निम्मी गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत. उरतील त्यांच्याकडून तुला आजच्याइतकेच सुटतील आणि झोप मिळेल. ऑर्डर फक्त शनिवार आणि रविवारच्या, निम्मे पैसे आगाऊ. नात्यातल्या लोकांना नाही म्हणणं तुला जमत नसेल तर माझं नाव सांग. "बाबा हिशेब बघतात" म्हण. आत्ये माझ्याशी तशीही गेल्या जत्रेपासून फारसं बोलत नाही. आपला गणपती आला की मोठा केक करायचा हट्ट धरू नकोस, आईला नेवऱ्या (करंज्या) करायला तू हवी आहेस आणि तिथे तुला कोणी दर विचारणार नाही.

वर्षाच्या शेवटी तास धरून, वीज धरून, हसरे चेहरे न धरता जर दर महिन्याला तुझ्या पगाराच्या निम्मे सुटत असतील, तर मी स्वतः तुझ्याबरोबर बँकेत येईन. जामीनदार म्हणून सही करीन. तोवर पगारातून थोडे वेगळ्या खात्यात टाकत जा, कर्ज तेवढं कमी काढावं लागेल. नोकरी सोडायचा विषय त्यानंतरचा, आणि तो तुझ्या एकटीचा; त्यात मी सल्ला देणार नाही. आई देईल.

पुढच्या रविवारी येतेस ना? नेमणूकपत्र, भाडेकरार आणि ओव्हनवाल्याचं कोटेशन घेऊन ये. आईचे स्टीलचे डबे तुझ्याकडे अडकलेत, ती रोज एकदा तरी त्यांची नावं घेते. ते विसरू नकोस. बाथ आणलीस तर माझ्यासाठी कडेचा तुकडा, आणि बिल लावून.

कळावे,
तुझे बाबा