पोई आणि सूर

मडगाव, गोवा

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात पोई, म्हणजे आमचा कोंडा लावलेला पोकळ पाव, करून बघायची म्हणतोस, तर आधी सूर, म्हणजे माडाची ताडी, कुठून आणणार ते ठरव. पीठ कुठेही मिळेल, पण पोईचा जीव सुरात असतो.

१५१० मध्ये पोर्तुगीज आले तेव्हा इथला माणूस भात खाणारा. गहू बाहेरून आणावा लागे, आणि तो फुगवायला त्यांच्या देशातले आंबवण इथे नव्हते. माड मात्र दारोदार. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, कापून रेंदेर (ताडी काढणारे) सूर काढत होतेच, तोच पिठात पडला. पाव मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, आला असे बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. मिस्सेत देतात ती पातळ चकती बिनआंबवणाची असते, तिला सूर लागतच नाही. फुगलेला पाव हवा होता तो रोजच्या जेवणाला. इथल्या साष्टी तालुक्यात जेझुइट पाद्र्यांनी लोकांना भट्टी लावायला शिकवले असे सांगतात, माजोर्डा गावाचे नाव त्यात पहिले येते. पाव आणि पोदेर (पाव भाजणारा) हे शब्द पोर्तुगीजांचे, सूर आपल्या सुरेतला.

विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या गोष्टी तूही ऐकल्या असशील. आज फोंड्यात देवळांच्या आसपास सकाळी पातळ भाजीत तोच पाव बुडवून खातात. मला हे फार मोलाचे वाटते.

आता कृती. कणीक ३०० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, मीठ दोन लहान चमचे, साखर एक मोठा चमचा, सूर २०० मिली. पाणी साधारण १२५ ते १५० मिली, पण कणीक किती पिते ते बघत घाल. पुरणपोळीच्या कणकेइतके सैल झाले पाहिजे. दहा मिनिटे मळून झाकून ठेव. उकाड्यात पाच-सहा तासांत दुप्पट होते, थंडीत जास्त वेळ लागतो.

सूर सकाळचा असेल तर संध्याकाळच्या आत वापरायचा. शिळा झाला की आंबटपणा वाढतो, फुगवायची ताकद जाते. मग तो व्हिनेगर करून विंदालूत घालायच्या कामाचा. ताजा सूर भिजवून वाटलेल्या तांदळात घातला की इडलीसारख्या सान्नां होतात. तुझ्याकडे नीरा मिळेल. चुना घातलेली नसेल तर फ्रिजबाहेर सहा-आठ तास ठेव, बुडबुडे धरले की वापर. चुन्याची असेल तर पीठ हलणारसुद्धा नाही. अगदीच काही नाही मिळाले तर अर्धा चमचा यीस्ट घाल आणि सुराच्या जागी पाणी. इथेही आता बऱ्याच भट्ट्यांत यीस्टच असते. रेंदेर उरलेत किती? तो किंचित आंबूस गोड वास गेला, याचे वाईट वाटते.

पिठाचे आठ गोळे कर, गव्हाच्या कोंड्यात लोळव आणि तळव्याने पाऊण सेंटिमीटर जाड थाप. अर्धा तास विसावा दे. पोदेराची भट्टी चिऱ्यांची, घुमटाची असते. तळाखाली वाळू, मीठ आणि फुटक्या काचांचा थर घालतात, उष्णता धरून ठेवायला. लाकडे आतच जाळायची, मग निखारे बाजूला ओढून तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि पाव सारायचा. भाजते ती साठलेली धग. तुझ्या ओव्हनला असा तळ नाही, म्हणून जाड लोखंडी तवा आत ठेवून २५० अंशांवर अर्धा तास तापू दे. त्यावर पोई आठ-दहा मिनिटे.

पोकळी धरली नाही तर तीन कारणे बघ: तवा पुरता तापला नव्हता, पोई एक सेंटिमीटरहून जाड राहिली, किंवा थापताना वरची कातडी फाटली. कातडी फाटली की वाफ तिथूनच निघून जाते, मग पोई चपटीच राहते. ओव्हनचे दार पहिली पाच मिनिटे उघडू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
रमाकांत