बाबा, तुमच्या बीपीबद्दल थोडं

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर बोलून झालं नसतं. बाबा दोन मिनिटांत "बरं, आईला देतो" म्हणतात, आणि आई माझ्या झोपेची चौकशी करते तेवढ्यात फोन ठेवायची वेळ होते. म्हणून पत्र.

आई, दवाखान्यातली बरी नोकरी सोडून सार्वजनिक आरोग्य शिकायला गेलीस आणि तिथे एकही पेशंट नाही, हे कसलं आरोग्याचं शिक्षण, असं तू मागे विचारलं होतंस. तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं, कारण पहिल्या सेमिस्टरला मलाही तेच वाटत होतं. सात वर्षं वॉर्डात नर्स म्हणून पायावर उभी राहिलेली बाई मी, आणि इथे दिवसभर बसून आलेख बघायचे. बायोस्टॅटिस्टिक्सच्या, म्हणजे आरोग्याच्या आकडेशास्त्राच्या, पहिल्या चाचणीत तर नापास झाले. तुम्हाला कळवलं नव्हतं, आता पास झालेय म्हणून सांगतेय.

मग एका तासाला व्हाइटहॉलचा अभ्यास शिकवला. १९६७ मध्ये लंडनमधल्या सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची तपासणी सुरू झाली. सगळे पुरुष, सगळे कचेरीतले. कुणी खाणीत उतरत नव्हतं, कुणी बेकार नव्हतं आणि सरकारी वैद्यकीय सेवा सगळ्यांना सारखीच खुली होती. पुढची काही वर्षं त्यांच्यापैकी कोण कशाने दगावतं याची नोंद ठेवली. तर हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा शिपाई आणि दारवानांमध्ये तिपटीहून जास्त निघालं. मला सगळ्यात खटकलं ते हे, की फरक फक्त वरचे आणि तळातले एवढाच नव्हता. दर पायरीला होता. साहेबाच्या खालच्या माणसाला साहेबापेक्षा जास्त धोका, त्याच्या खालच्याला आणखी. वर्गात आम्ही एका सुरात म्हणालो, खालचे सिगारेटी जास्त ओढत असतील. ओढत होतेच. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळ्यांचा हिशेब करूनही फरकाचा मोठा भाग तसाच उरला. १९८५ नंतरच्या दुसऱ्या अभ्यासात बायकाही होत्या. त्यात दिसलं की आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त.

बाबा, तो जिना फळ्यावर होता आणि मला तुमचं टेबल दिसत होतं. ३१ वर्षं आवक-जावक. कुठला कागद कधी उचलायचा हे दुसऱ्याच्या घंटीवर. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी तुम्हाला अर्ध्या दिवसाची रजासुद्धा मिळाली नव्हती. आणि मी, शिकलेली लेक, बीपीचं मशीन घेऊन घरी येणार आणि सुनावणार: चाला, मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका. जसं काही ते तुम्ही हौसेने घेत होतात! तुम्ही काही न बोलता दंडावरचा पट्टा काढून नीट गुंडाळून द्यायचात.

आता लगेच गोळ्या बंद करू नका हं. तुमचं बीपी त्या घंटीमुळेच वाढलं असं मी म्हणू शकत नाही. असे अभ्यास हजारो माणसांबद्दल बोलतात, एकाबद्दल नाही, आणि मी तसं लिहिलं तर आमचे सर लाल शेरा मारतील. पण माझं बोलणं चुकलं होतं, एवढं सांगायला आकडे लागत नाहीत.

आई, तुझंही आहेच. छातीतली गाठ तू आठ महिन्यांनी दाखवलीस. साधी निघाली, पण रिपोर्ट येईपर्यंत मी तुझ्यावर किती ओरडले. तू म्हणालीस, "वेळ झाला नाही." वॉर्डात उशिरा आलेल्या प्रत्येकीला मी हेच दरडावायचे, की इतके दिवस काय करत होतात? या उन्हाळ्यात प्रकल्पासाठी घरोघर जाऊन, तपासणी चुकवलेल्या बायकांना तोच प्रश्न विचारला, फक्त खरं उत्तर हवं म्हणून. एकीने सांगितलं, तिची कामाची पाळी सुटते तेव्हा ओपीडी बंद झालेली असते, आणि सुट्टी घेतली तर दिवसाची मजुरी जाते. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की चांगली सेवा जिथे जास्त गरजेची, तिथेच ती कमी मिळते. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कळलं त्या बाईच्या उंबऱ्यावर. आणि तेव्हाच मोजलं, की त्या आठ महिन्यांत आजी अंथरुणावर होती, बाबांची नोकरी होती, माझ्या नाइट ड्यूट्या होत्या. तुझा वेळ आम्ही तिघांनी वाटून घेतला होता.

तर पेशंट कुठे, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे, की जी बाई ओपीडीपर्यंत पोचतच नाही ती माझी पेशंट.

बाबांना "पुढे काय" याची काळजी आहे. साथींवर नजर ठेवणाऱ्या विभागात, योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांत कामं असतात. मिळेल. पण पदवीपेक्षा जास्त मी प्रकल्पाच्या मार्गदर्शक बाईंकडून शिकले. माझा ४० पानांचा अहवाल त्यांनी परत दिला आणि म्हणाल्या, एका पानात आण, अधिकाऱ्याकडे चार मिनिटं असतात. तीनदा फाडून चौथ्यांदा जमलं. मागणी एकच: आठवड्यातून दोन दिवस ओपीडी संध्याकाळी चालू ठेवा. बैठकीत माझा आवाज कापत होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, साहेब म्हणाले "बघू", आणि कागद आत गेला. त्याला सहा आठवडे झाले.

बाबा, हे आम्हाला कुठल्याही पेपरात शिकवत नाहीत. "बघू" म्हणून आत गेलेला कागद नेमका कुणाच्या टेबलावर अडतो? स्मरणपत्र आधी पाठवायचं, की आधी जाऊन जावक क्रमांक विचारायचा? या रविवारी मी फोन करेन. लगेच आईला देऊ नका.

तुमची,
लेक