ओट्याचा कोपरा नकाशातच ठरवावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या डोंबिवलीतील सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे गेल्या महिन्यात सभासदांना दाखवण्यात आले. चटईक्षेत्र, पार्किंग, बिल्डरकडून मिळायचा कॉर्पस निधी आणि भाडे यांवर अडीच तास खडाजंगी झाली. स्वयंपाकघराबद्दल मात्र एकानेही तोंड उघडले नाही. नकाशात स्वयंपाकघर म्हणून एक आयत होता, त्यात इंग्रजी 'एल'सारखी वळलेली दुहेरी रेघ होती आणि सिंकच्या जागी एक लहानसा चौकोन होता. ती रेघ जिथे काटकोनात वळते, त्या दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद कोपऱ्याबद्दल मला लिहायचे आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, परंतु याच कोपऱ्यावर मी आजवर दोनदा पैसे खर्च केले आहेत, आणि पहिल्या वेळचे सगळेच वाया गेले.

ओट्याची खोली साधारणपणे ६० सेंटिमीटर असते. समोरून सरळ हात लांबवला तर भिंतीपर्यंत पोहोचतो. कोपऱ्यात मात्र ओट्याच्या आतल्या टोकापासून भिंतींच्या सांध्यापर्यंतचे अंतर कर्णाचे, म्हणजे ८५ सेंटिमीटर भरते, आणि माझ्यासारख्या पाच फूट उंचीच्या बाईचा हात तिथे पोहोचायचा तर पोट ओट्याच्या कडेवर दाबावे लागते. खाली तर याहून कठीण अवस्था असते. ६० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच अशी ती पोकळी जवळजवळ २५० लिटरची, म्हणजे एखाद्या मध्यम फ्रीजएवढी भरते. पण तिला स्वतःचे दार नसते, शेजारच्या कप्प्यात डोके घालूनच तिच्यात शिरावे लागते. आमच्या जुन्या ओट्याखाली कडप्प्याच्या उघड्या फळ्या होत्या, तेव्हा या पोकळीत तांदळाचे पिंप उभे असे आणि त्याची कोणाला अडचण वाटत नसे. ओटा प्लायच्या दारांनी बंद झाला आणि तिथे अंधार आला, अंधारामागून झुरळे आली.

आम्ही २००९ साली ओटा मॉड्युलर करून घेतला. काम करणाऱ्या इंटिरिअरवाल्याने कोपऱ्यासाठी फिरती गोल ट्रॉली सुचवली. त्या एका वस्तूची किंमत शेजारच्या तीन साध्या ट्रॉल्यांच्या बेरजेहून अधिक होती, तरीही दुकानात ती बोटाने गरकन फिरलेली पाहून आम्ही भुललो. साधे शाळकरी गणित त्या वेळी आठवले नाही, याची आजही खंत वाटते: चौरसात बसणारे मोठ्यात मोठे वर्तुळसुद्धा त्याची सुमारे ७८ टक्केच जागा व्यापते, आणि ते फिरायचे असेल तर सभोवती आणखी मोकळीक सोडावी लागते, मधल्या दांड्याची जागा वेगळीच. म्हणजे वाया जाणारी जागा वाचवण्यासाठी घेतलेली वस्तू आधी तीच जागा खात होती. तिचे कठडे दोन बोटे उंचीचे होते. जरा जोरात फिरवले की मागची वस्तू कठड्यावरून घसरून भिंतीकडे पडे आणि ट्रॉली अडे. चौथ्या-पाचव्या वर्षी तिचे फिरणे कायमचे थांबले. पुढे ती उखडली तेव्हा मागून सोऱ्याची चकलीची चकती निघाली. ती हरवली म्हणून आम्ही दोन दिवाळ्या शोधाशोध करून अखेर नवा सोऱ्या विकत घेतला होता.

दुसरे काम २०२१ साली केले, ते ओळखीच्या एका सुताराकडून. त्याने माप घेण्याच्या आधी विचारले, "काकू, कोपऱ्यात काय ठेवणार ते सांगा, मग मी फळी कापतो." हा प्रश्न आधीच्या वेळी कोणी विचारला नव्हता आणि आम्हालाही सुचला नव्हता. त्याने मला ओट्याशी नेहमीसारखे उभे राहून, न वाकता, दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटे टेकली तिथे पेन्सिलने खुणा केल्या. खुणांच्या अलीकडची जागा रोजच्या वापराची आणि पलीकडची क्वचित लागणाऱ्या वस्तूंची, असा त्याचा हिशेब होता.

त्यानुसार ओट्यावर कोपऱ्यात मिक्सर आला. तिथे तो दोन्ही बाजूंच्या कामाच्या आड येत नाही आणि रोज उचलून आणावाही लागत नाही. त्याचा प्लग आम्ही मिक्सरच्या पाठीमागे न घेता बाजूच्या भिंतीवर, ओट्यापासून एक फूट उंच आणि सिंकपासून दूर घेतला. पाठीमागे असता तर वायर ओढताना दर वेळी मिक्सर सरकवावा लागला असता. मिक्सरमागे उरलेल्या त्रिकोणात ग्रॅनाइटच्या उरलेल्या तुकड्यांच्या दोन तिकोनी फळ्या बसवल्या. त्यांवर चिंच, गूळ आणि जाड मीठ यांच्या बरण्या असतात. खालच्या पोकळीला आम्ही कोणतेही यंत्र बसवले नाही. शेजारच्या कप्प्याचे तोंड २२ इंच रुंद ठेवले, त्यात ट्रॉली घातली नाही, आणि कोपऱ्यात आमची २० इंची पितळी परात सरकवली. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र असा सणासुदीला लागणारा ऐवज त्या परातीतच असतो. परातीच्या कडीला जाड सुतळी बांधली आहे. ती ओढली की परात कोपऱ्यातून पुढच्या कप्प्यात आणि तिथून बाहेर येते. या तजविजीला सुतळीचा खर्च आला.

शेगडीबाबतही एक चूक आम्ही आधी केली होती. ती कोपऱ्याला खेटून होती, त्यामुळे कढईचा दांडा भिंतीला लागे आणि फोडणीचे तेल दोन-दोन भिंतींवर उडे. आता ती आतल्या कोपऱ्यापासून दीड फूट दूर आहे. काटकोनात समोरासमोर येणारे खण एकमेकांच्या मुठींना अडू नयेत म्हणून मधे दोन-तीन इंचांची कोरी पट्टी सोडावी लागते, ती सुतार सहसा आपण होऊन सोडतो. ग्रॅनाइटचा सांधा मात्र सिंकच्या जवळ येणार नाही, हे आपणच पाहावे, कारण एकदा तिथून पाणी मुरू लागले की खालचा प्लाय फुगतो.

गॅसच्या सिलिंडरबद्दल सविस्तर लिहायला पत्रात मर्यादा असली, तरी ते टाळता येत नाही, कारण अनेक घरांत ही मोकळी पोकळी पाहून सिलिंडर तिच्यातच ढकललेला मी पाहिला आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो आणि बंद कोपऱ्यातून लवकर बाहेर पडत नाही. शिवाय संकटाच्या वेळी रेग्युलेटर बंद करण्यासाठी आधी डबे उपसून मग गुडघ्यांवर बसावे लागणे, ही कल्पनाही नको. सिलिंडर समोरच्या कप्प्यातच, उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा, आणि त्या दाराला तळाशी जाळी असावी. नव्या इमारतीत पाइपचा गॅस येणार असला, तरी त्याचा झडपेचा खटका हाताला लगेच सापडेल अशाच ठिकाणी घ्यायला हवा.

आता पुनर्विकासाकडे येते. जुन्या विटांच्या भिंतीत कोनाडा काढणे, प्लग सरकवणे किंवा कोपऱ्यामागे कोरडी बाल्कनी असेल तर कोपऱ्याचे दार तिकडून उघडून तिथे धुण्याची पावडर आणि बादल्या ठेवणे, हे सारे नंतरही जमत असे. नव्या उंच इमारतींपैकी कित्येक ॲल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला सरसकट मिवान म्हणतात त्या पद्धतीने, बांधल्या जातात. त्यांच्या काँक्रीटच्या भिंतीच इमारतीचा भार पेलत असल्यामुळे त्या नंतर फोडता येत नाहीत. साहजिकच जे आपण आजवर राहायला गेल्यावर ठरवत आलो, ते आता नकाशावर सही करण्यापूर्वी ठरवायला हवे.

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जेवणाची जागा वेगळी असेल तेव्हा स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचे आणि किमान १.८ मीटर रुंद असावे लागते. एवढ्या रुंदीत दोन्ही लांब भिंतींना ६० सेंटिमीटरचे ओटे केले, तर मधे चालायला तेवढेच ६० सेंटिमीटर उरतात आणि फ्रीज उघडणाऱ्याला भांडी घासणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. म्हणूनच लहान घरांत 'एल' ओटा होतो आणि हा कोपरा त्याच्याबरोबर येतोच; तो टाळण्याचा आग्रह मी धरत नाही. माझी मागणी एवढीच आहे की वास्तुविशारदांनी प्रत्येक प्रकारच्या सदनिकेच्या स्वयंपाकघराचा वेगळा, मोठ्या प्रमाणातील नकाशा द्यावा, आणि त्यात ओट्याची खोली-उंची, प्लगची ठिकाणे, गॅसची जोडणी, सांडपाण्याचा पाइप आणि कोपऱ्याच्या चारही बाजूंना काय आहे हे मापांसह दाखवावे. आपल्या वृत्तपत्राच्या वास्तुविषयक पुरवणीनेही चकचकीत छायाचित्रांच्या जोडीने कधी तरी वापरात असलेल्या, पन्नास-साठ चौरस फुटांच्या एखाद्या स्वयंपाकघराचा मापांसह आराखडा छापावा, अशी विनंती आहे.

आमच्या समितीकडे मी या मागणीचा अर्ज दिला आहे. काही सभासद हसले, हेही नमूद करते. वास्तुविशारदांच्या कार्यालयातून मात्र परवा फोन आला आणि परातीचा व्यास विचारण्यात आला. तो कड्यांसह मोजून कळवला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)